खापरांना सोसेल अशी गाडी

सुरतेत उधन्याला राहत होतो तेव्हा मी आणि माझी मोठी जाऊ लग्नांत मांडे करून द्यायचो. खानदेशातल्या माणसाला मांडे म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायची. पोळपाट लागत नाही, लाटणं लागत नाही. लागतं ते खापर. भाजलेल्या मातीचं, मोठ्या घमेल्याएवढं, आणि हातातून सुटलं तर कामातून गेलं.

उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत आमच्याकडची माणसं भरलेली होती. कुणी लूमवर, कुणी डाइंगमध्ये, कुणी रेल्वेत. लग्न सुरतेत लागलं तरी म्हातारी माणसं मांड्यांशिवाय पंगतीला बसायला तयार नसायची. मग मुलाचा बाप आमच्या दारात यायचा. मोठ्या जाऊला सगळे जिजी म्हणायचे, मीही म्हणायचे. जिजी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुणाच्या लग्नात किती मांडे लागले हे तिला पाच वर्षांनंतरही आठवायचं. घरी ती अहिराणीच बोलायची, बाहेरही अहिराणीच बोलायची, आणि समोरच्या गुजराती माणसाला ती कळत नाही हे तिला कधी खरं वाटलं नाही.

आमच्याकडे पाच खापरं होती. जिजीच्या माहेरच्या कुंभाराकडून अमळनेराहून आणलेली, भुसावळ पॅसेंजरने, मांडीवर घेऊन. सुरतेत तसली खापरं मिळत नसत. त्यामुळे एक फुटलं की पुन्हा अमळनेर.

लग्नं कुठे कुठे असायची. कतारगाम, कामरेज, पलसाणा, एखादं थेट बारडोलीकडे. पाच खापरं, दोन पातेली, परात, पुरणयंत्र, लाकडं आणि आम्ही दोघी, एवढं सगळं रिक्षात मावायचं नाही. वर्षभरात गाडीची गरज पडायची ती दहा-बारा दिवस. तेवढ्यासाठी गाडी घेणं आमच्या ऐपतीत नव्हतं, आणि असतं तरी उरलेले साडेतीनशे दिवस ती दारात उभी करून आम्ही काय केलं असतं?

सुरुवातीला आम्ही टेम्पो स्टँडवरून तीनचाकी टेम्पो करायचो. टेम्पोवाला फेरीवर पैसे घेणारा, त्यामुळे आमची फेरी संपायच्या आधीच त्याच्या डोक्यात पुढची फेरी सुरू झालेली असायची. कतारगामच्या एका लग्नाला जाताना त्याने रेल्वेचे रूळ असे ओलांडले की जिजी मागच्या मागे लाकडांवर जाऊन बसली. उतरल्यावर तिने प्रत्येक खापर बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. चांगलं खापर टणटण वाजतं, तडा गेलेलं भदभद. तीन वाजली, दोन नाही वाजली. टेम्पोवाल्याला ती म्हणाली ते मी इथे लिहीत नाही. त्यालाही ते समजलं नाही, तो हसून हात हलवून निघून गेला. त्या दिवशी तीन खापरांवर दोनशे माणसांचे मांडे केले आणि शेवटची पंगत चार वाजता उठली.

माझे यजमान लूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बंद पडलेले माग चालू करून देणारे. त्यांचा एक गाववाला पलसाण्याच्या एका डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, पिकअप चालवायचा. त्याने सांगितलं, मिलची गाडी आहे, मालक काही म्हणत नाही, वहिनींसाठी एक रविवार काय, दहा रविवार आणीन, आणि पैशाचं नाव काढायचं नाही. पलसाण्यालाच एक लग्न होतं. आम्हाला फार आनंद झाला.

गाववाला वेळेवर आला. गाडीही चांगली हळू चालवली. त्याच्याबरोबर त्याची बायको, तीन मुलं, सासू आणि सासूची बहीण आली, कारण लग्नघरी जेवण होतंच. लग्नघरच्यांना ते आमच्याकडचे वाटायला नकोत म्हणून मी दिवसभर त्यांच्याकडे बघायचं टाळलं. पण खरा प्रकार वेगळाच झाला. आदल्या दिवशी त्या गाडीतून रंगाच्या भुकटीचे डबे गेले होते. फाळक्यावर, कोपऱ्यांत, पत्र्याच्या खाचांत भुकटी बसलेली. पातेल्यांची झाकणं घट्ट होती म्हणून पीठ आणि पुरण वाचलं. जिजी मात्र सवयीप्रमाणे मागे खाली बसलेली, खापरांना हाताने धरून. वैशाखातलं ऊन, घाम. उतरली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत राणी कलरचे झाले होते.

आम्ही ते राखेने घासले, बेसनाने घासले, लग्नघरच्या बाईने दगडाने घासले. मिलचा रंग होता, पक्का होता. जातही नव्हता आणि कणकेला लागतही नव्हता, तेवढं एक बरं. जिजी खापरासमोर बसली आणि त्या हातांवर पांढरेशुभ्र मांडे फिरवायला लागली. बायका गोळा होऊन बघत होत्या. नवऱ्या मुलाच्या आईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तुमच्यात मांडे करणारीला मेंदी लावायची पद्धत आहे का. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्यानंतर पंधरा दिवस जिजी लांब बाह्यांचं पोलकं घालून हिंडली, आणि फुकटच्या गाडीचा विषय आमच्या घरात बंद झाला.

काकांचा पत्ता मिळाला तो एका मंडपवाल्याकडून. असल्याच एका लग्नात आम्ही चुली मांडत होतो आणि समोर मंडपवाला त्याचं सामान उतरवत होता. क्रीम रंगाची छोटी पिकअप, स्वतःच चालवत आणलेली. त्याने एकामागून एक चार मोठे आरसे उतरवून भिंतीला लावले. जिजी हातातलं काम सोडून उभी राहिली.

"याना आरसा कसा फुटना नही?" ती मला म्हणाली.

मला म्हणाली तरी विचारायचं त्याला होतं. मी गुजरातीत विचारलं. तो म्हणाला, गाडी माझी नाही, काकांची आहे, पण चालवतो मी. काका म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले एक गुजराती ड्रायव्हर. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी दोन जुन्या पिकअप घेतल्या होत्या आणि सहा मेंबर केले होते. हा मंडपवाला, एक फरसाणवाला, एक लाकडी कपाटं करणारा, असे सगळे कधीमधी गाडी लागणारे. महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची, आठवडाभर आधी वहीत नाव लिहायचं, चावी घ्यायची, गाडी न्यायची, डिझेल आपलं. संध्याकाळी धुऊन परत आणून लावायची. त्यातला एक मेंबर नवसारीला निघून गेला होता, म्हणून जागा रिकामी होती.

घरी यावर मोठी चर्चा झाली. यजमानांचं म्हणणं, टेम्पो स्टँडवर आता मोठे टेम्पो आलेत, त्यातला एखादा बघू, दर महिन्याला पैसे देऊन गाडी दुसऱ्याच्याच दारात उभी असणार, तर उपयोग काय. मला त्यात तथ्य वाटलं. पावसाळ्यात आणि मार्गशीर्षाच्या आधी आमचं काम जवळजवळ बंदच असायचं. पण जिजीने सगळं ऐकून घेतलं आणि ती तिच्या भाषेत जे म्हणाली त्याचा अर्थ असा, की फेरीवर पैसे घेतो त्याला पुढच्या फेरीची घाई असते, आणि मालकाची गाडी घेऊन येतो त्याला गाडीत काय सांडलंय ते माहीत नसतं. आपल्याला असा माणूस पाहिजे की ज्याला खापर फुटल्याचं आपल्याएवढं वाईट वाटेल. तसा माणूस भाड्याने मिळत नाही, तेव्हा आपल्याच घरातल्या माणसाने गाडी हाकली पाहिजे.

आपल्या घरातलं माणूस म्हणजे यजमान, असं आम्ही तिघंही धरून चाललो.

रविवारी आम्ही तिघं काकांकडे गेलो. रेल्वे फाटकापलीकडे त्यांचं बैठं घर आणि पुढे मोकळी जागा, तिथे दोन्ही पिकअप शेजारी शेजारी उभ्या. दोन्ही क्रीम, दोन्ही सारख्याच घासलेल्या, जुळ्या बहिणींसारख्या. काका खाटेवर बसले होते, अंगात खाकी शर्ट तसाच. आमची सगळी हकिगत त्यांनी शांतपणे ऐकली. मग नियम सांगितले. गाडीत विडी ओढायची नाही. कोंबड्या न्यायच्या नाहीत. चावी तिसऱ्या माणसाच्या हातात द्यायची नाही. आणि मेंबर व्हायच्या आधी त्यांच्याकडे परीक्षा द्यायची. परीक्षा अशी, की काका शेजारी बसणार, समोरच्या फळीवर बशीत चहा ओतून ठेवणार, माणसाने फाटकापर्यंत गाडी नेऊन परत आणायची, आणि बशीत चहा उरला तर काका तो पिणार. उरला नाही तर पुन्हा पुढच्या रविवारी यायचं.

यजमान शिकायला राजी झाले. काकाच शिकवणार होते. पहिल्या दिवशी काकांनी गाडी सुरू करायला सांगितली. यजमानांनी सुरू केली, कान देऊन ऐकलं, आणि म्हणाले, आवाज बरोबर नाही. उतरले आणि बॉनेट उघडून आत हात घातला. त्यांची ती सवयच होती, वीस वर्षं मागांचा आवाज ऐकण्यात गेलेली. काकांनी बॉनेट बंद करायला लावलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काका चहा आणायला आत गेले आणि बाहेर येऊन बघतात तर चटईवर इंजिनाचे सात भाग ओळीने मांडलेले, आणि यजमान आठवा काढतायत. ते त्यांनी तासाभरात पुन्हा जोडूनही दिले, आणि खरं सांगायचं तर आवाज सुधारला होता. पण काकांनी हात जोडून सांगितलं की भाई, तुम्ही कारीगर आहात, ड्रायव्हर नाही.

मग काका आमच्याकडे वळले. "तो बेन, गाडी कोण चलावशे?"

यजमान खाली बघत हात पुसत होते. जिजी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ती म्हणेल चला, टेम्पो स्टँडवर जाऊ.

"तू शिक," ती म्हणाली.

मला तोवर सायकलही नीट येत नव्हती. मी जिजीला म्हणाले की मला भीती वाटते. ती म्हणाली की वाटू दे, भीती वाटणारं माणूस हळू चालवतं. काकांना हे मी गुजरातीत सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदा हसले आणि म्हणाले की यांना एसटीत घ्यायला पाहिजे होतं.

दीड महिना मी शिकले. सकाळी घरचं आटोपून फाटकापलीकडे जायचं, पदर कमरेला खोचायचा आणि बसायचं. क्लच पायाला जड जायचा, पाय पोचावा म्हणून पाठीमागे उशी. काका मोठ्याने बोलायचे नाहीत, नुसतं "धीमे, बेन, धीमे" म्हणत राहायचे. इतकं, की एकदा गाडी बंद पडून उभी होती तरी ते धीमे म्हणाले. पहिल्या आठवड्यात मी त्यांची तुळस पाडली, कुंडीसकट. काकींनी ती दुसऱ्या कोपऱ्यात लावली आणि तिच्याभोवती विटा रचल्या.

चाळीतल्या बायका विचारायच्या, रोज कुठे जातेस. मी खरं सांगितलं तर त्यांना ती थट्टा वाटली. यजमान मला आडवे आले नाहीत, पण पहिल्यांदा मी रस्त्यावर गाडी काढली तेव्हा ते सायकल घेऊन शेजारून चालले होते. गाडी इतकी हळू होती की त्यांना मध्येच थांबून माझी वाट बघावी लागली. लायसन्सच्या परीक्षेला तिथल्या साहेबांनी आठच्या आकड्यात गाडी फिरवायला सांगितली. मी फिरवली. त्यांनी विचारलं, बाई, हे कशासाठी शिकलात. मी म्हणाले, खापरांसाठी. साहेबांनी सही केली.

काकांकडची परीक्षा मी तिसऱ्या खेपेला पास झाले. बशीत दोन घोट उरले होते. काकांनी ते गार झालेले दोन घोट अगदी गंभीरपणे प्यायले आणि वहीत माझं नाव लिहिलं.

पहिली दोन लग्नं नीट पार पडली. जिजी मागे खापरांजवळ बसायची आणि हातात उलथणं घेऊन केबिनच्या पत्र्यावर ठोकायची. एकदा ठोकलं की हळू, दोनदा ठोकलं की थांब. जोरात चालव यासाठी काही खूण ठरवलीच नव्हती. खड्डा आला की ती ठोकायची, खड्डा गेला की ठोकायची, आणि खड्डा नसला तर पुढे असेल म्हणून ठोकायची. तरी खापरं शाबूत राहिली. आम्हाला वाटलं, आता जमलं.

तिसरं लग्न कामरेजचं. सकाळी साडेसहाला मी चावी आणायला गेले. काका एका मयताला गावी गेले होते. काकींनी आतून चावी आणून दिली आणि म्हणाल्या, पुढे उभी आहे ती घेऊन जा. पुढे उभ्या असलेल्या गाडीवर ताडपत्री ताणून बांधलेली होती. मला वाटलं, ऊन आहे म्हणून काकांनी आमच्यासाठी बांधून ठेवली असेल. मनात म्हटलं, किती काळजी घेतात. आणि गाडी घेऊन आले. घराच्या चढावर ती जरा जड वाटली, पण त्याचा दोष मी माझ्या क्लचला दिला.

दारात यजमानांनी ताडपत्रीची दोरी सोडली, आत बघितलं आणि परत झाकली. मग पुन्हा उघडली.

आत दोन सिंहासनं होती. नवरा-नवरी बसतात ती. लाल मखमल, सोनेरी पाय, हातांच्या जागी तोंड उघडलेले सिंह. बाजूला गालिच्याची वळकटी, कागदी फुलांच्या माळा आणि एक मोठा थर्माकोलचा मोर. मंडपवाल्याने आदल्या संध्याकाळीच सामान भरून ठेवलं होतं. आमची गाडी मागे उभी होती, रिकामी.

मी घाबरले. परत जायचं म्हटलं तर सातच्या सुमाराला फाटक बंद असायचं, एकामागून एक गाड्या जायच्या. शिवाय तिकडे जाऊन दुसरी गाडी आणायची, पुन्हा इकडे येऊन भरायची, म्हणजे नऊ वाजणार. कामरेजला दहाला पहिला मांडा पडायला हवा होता. यजमान म्हणाले, मंडपवाल्याचं लग्न कुठे आहे. ते मला वहीत वाचल्याचं आठवत होतं, कतारगामला. कतारगाम आमच्या वाटेत नव्हतं, पण थोडं वाकडं जाऊन करता येण्यासारखं होतं.

आम्ही बोलत होतो तोवर जिजी गाडीत चढली होती. तिने सिंहासनाच्या बैठकीवर हात दाबून पाहिला. मखमलीखाली चांगली चार बोटं गादी होती.

"यास्ले आठे बसाडू," ती म्हणाली.

यांना इथे बसवू. आणि तिने बसवलं. खापरांना गोधड्यांत गुंडाळलं, तीन एका सिंहासनावर, दोन दुसऱ्यावर, आणि जुन्या लुगड्यांनी सिंहांच्या मानेला पक्की बांधली. बाकीचं सामान मोराच्या आजूबाजूला लावलं. ताडपत्री मात्र घालता येईना, कारण आता उंची वाढली होती. जिजी सिंहासनांच्या पायाशी गालिच्यावर मांडी घालून बसली आणि आम्ही निघालो.

त्या दिवशी रस्त्यावर आमच्याकडे बघितलं नाही असं कुणी नव्हतं. गोधड्यांत बांधलेलं काय आहे ते लोकांना दिसत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच, की दोन सोनेरी सिंहासनांवर काहीतरी गुंडाळून बसवलंय, पुढे एक म्हातारी त्याला धरून बसलीय, आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चाललीय. एका चौकात आम्ही थांबलो तर भाजीवाल्या बाईने डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. मागून जिजीचा आवाज आला. ती त्या बाईला अहिराणीत सुखी राहा असं काहीतरी म्हणाली. पुढे एका स्कूटरवाल्याने शेजारी येऊन मला विचारलं की कुठल्या देवाची स्थापना आहे. मी कतारगामला म्हणाले, म्हणजे त्याने काय विचारलं ते न ऐकताच म्हणाले, कारण माझं सगळं लक्ष रस्त्याकडे होतं. तो बराच वेळ आमच्या पुढे पुढे राहून लोकांना बाजूला करत होता. त्यामुळे आम्ही ठरल्यापेक्षा लवकर पोचलो.

कतारगामच्या लग्नाच्या वाडीत मंडपवाला फाटकातच उभा होता. त्याची काय अवस्था होती ते सांगते. तो सातला काकांकडे गेला, राहिलेल्या गाडीत बघतो तर आत काही नाही. रिकामी गाडीच घेऊन तो वाडीवर आला होता आणि स्टेजवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवून त्यांना झालर लावत होता. नवरीचा मामा शेजारी उभा राहून त्याला झालर कशी लावायची ते सांगत होता.

मी उतरले आणि काही बोलायच्या आत माफी मागितली. तो माझ्याकडे बघतच नव्हता, गाडीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, मग राग, आणि मग गोधड्या दिसल्यावर नुसतं कोडं. त्याने विचारलं, हे कोण आहे.

"खापर," जिजी वरून म्हणाली. ती आधीच गाठी सोडायला लागली होती.

खापरं उतरवली तेव्हा खरा घोटाळा कळला. गोधडी एका ठिकाणी सरकली होती आणि मखमलीवर खापराची काजळी उमटली होती, चांगला ताटाएवढा काळा गोल. मंडपवाल्याने ओला फडका घेऊन तो पुसला, तर गोल परातीएवढा झाला. तो मटकन पायरीवर बसला. मी रडायच्या बेतात होते. इतकी वर्षं आम्ही आमचं फुटल्याबद्दल दुसऱ्यांना बोलत आलो, आणि आज दुसऱ्याचं नुकसान आमच्या हातून झालं होतं.

जिजीने त्याच्या हातातला फडका काढून घेतला. बैठकीची गादी उचलली आणि उलटी केली. मागच्या बाजूला मखमल नव्हती, गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड होतं. तिने इकडे तिकडे बघितलं, थर्माकोलच्या मोराला गुंडाळलेली जरीची शाल काढली आणि त्या गादीवर घालून चारी बाजूंनी खोचली. मग दुसऱ्या सिंहासनाकडे बघितलं. शाल एकच होती. तेव्हा ती स्टेजवर गेली, प्लास्टिकच्या खुर्चीची नुकतीच लावलेली झालर ओढून काढली आणि ती दुसऱ्यावर घातली. मामा म्हणाला की असंच पाहिजे होतं, लाल रंग त्याला पहिल्यापासून भडक वाटत होता.

मंडपवाला उठला. त्याने आमचं सामान आमच्या खऱ्या गाडीत चढवून दिलं, आणि आतून पाहुण्यांसाठी आणलेल्या दोन जाड गाद्या आणून खापरांखाली घातल्या. निघताना मी त्याला म्हणाले की मखमलीचं जे काय होईल ते आम्ही करून देऊ. तो म्हणाला, ते नंतर बघू, आधी पोचा. आणि मग न राहवून त्याने विचारलं, गाडी एवढी हळू कशी चालवता, इंजिन बंद पडत नाही का?

कामरेजला आम्ही पावणेदहाला पोचलो. चुली पेटवून दहाला पहिला मांडा पडला नाही, पण साडेदहाला पडला. पाचही खापरं टणटण वाजली.

पुढच्या रविवारी काकांनी सगळ्या मेंबरांना बोलावलं. मला वाटलं, माझं नाव वहीतून जाणार. मंडपवाल्याने काय झालं ते सांगितलं, अगदी खरं खरं, वाढवून नाही. फरसाणवाला म्हणाला की बाईमाणसाला चावी दिली तर असंच व्हायचं. काका उत्तर देणार तेवढ्यात आतून काकी आल्या. त्या कधी बाहेर येऊन बोलल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं की दोन गाड्या एकसारख्या, दोन चाव्या एकसारख्या, एकाच खिळ्याला लावलेल्या, आणि ज्या माणसाने हे असं करून ठेवलं तो गावी. मग चूक कुणाची? काकांनी कान पकडले. फरसाणवाल्यानेही आपलं बोलणं मागे घेतलं, कारण मागच्या महिन्यात तोही चुकीची गाडी घेऊन गेला होता. फक्त त्या दिवशी दोन्ही रिकाम्या होत्या म्हणून कुणाला कळलं नव्हतं, आणि हे काकींना माहीत होतं.

त्याच दुपारी एका गाडीचे दरवाजे निळे रंगवायचं ठरलं. रंग यजमानांनी दिला. मखमलीचा तुकडा मी आणि जिजीने कापड बाजारातून आणून घरी शिवून दिला. तो आधीच्यापेक्षा जरा जास्तच लाल निघाला, पण मंडपवाल्याने बसवून घेतला.

मी चार वर्षं काकांची मेंबर होते. मग जिजीच्या मुलाला अमळनेरला नोकरी लागली आणि तिचं सुरतेतलं घर आवरायचं ठरलं. तिचा संसार मीच निळ्या दरवाजाच्या गाडीतून नेला. सोनगड, नवापूर, धुळे करत दिवसभर गाडी चालवली, एवढी लांब मी कधीच गेले नव्हते. वाटेत ती पुढे माझ्या शेजारी बसली होती. तिने दोनदा पाणी दिलं, एकदा माझ्या तोंडात चिक्कीचा तुकडा घातला, कारण माझे हात मोकळे नव्हते. खापरं तिने माझ्याकडेच ठेवली होती.

गावात गाडी शिरली तेव्हा ओट्यावरच्या बायका उठून आल्या. त्या ड्रायव्हर कुठे आहे म्हणून पलीकडच्या बाजूला वाकून बघत होत्या. जिजी आधी उतरली, लुगडं झटकलं आणि माझ्या दाराशी येऊन उभी राहिली.

"हाई मनी देरानी शे," ती म्हणाली. "गाडी हाईच हाकस."

ही माझी धाकटी जाऊ, गाडी हीच चालवते. मग तिने मला खाली उतरायला हात दिला आणि सामान उतरवायला माणसं बोलवायला गेली.